पाहुण्यांसाठी राखलेलं लोशन

धाकटे, सगळ्यात आधी कोण आलं विचारशील, तर विहीणबाईंची पिशवी आली. ती निळी, दोन बंदांची, जिच्यात अख्खं बाळंतपण उरकेल एवढं सामान मावतं ती. दार उघडंच होतं. पिशवी आत आली, जमिनीवर बसली, आणि मग बऱ्याच वेळानं तिच्यामागून विहीणबाई आल्या. त्यांच्यामागून व्याही, आणि व्याह्यांच्या मागं, आत यावं की बाहेरच थांबावं असं करत आमची सूनबाई, आणि तिच्या बोटाला धरून माझी नात. न कळवता! मी नुकतीच केस धुऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते, तोही फाटका (चांगले टॉवेल पाहुण्यांसाठी असतात), आणि पाहुणे माझ्यासमोर उभे.

थांब, हे असं मधेच सुरू झालं. आधी माझे आशीर्वाद घे, पोरांना दे, उरले तर शेजारणीला दे. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा डावा आता अगदी उजव्यासारखा झाला आहे, म्हणजे दोन्ही दुखतात. बाकी आम्ही खुशाल आहोत, आणि या वेळी ते लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरंच आहोत. माझी शाळा चौथीत सुटली आणि अक्षराचं वळण तिथंच राहिलं, तेव्हा जिथं लागणार नाही तिथं अंदाजानं वाच. तू नाहीतरी सगळं अंदाजानंच वाचतेस.

तर मागचं तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण मागचं सांगितल्याशिवाय मला पुढचं आठवत नाही. तुझ्या भाच्याचं केस-दाढीचं दुकान, पुढं दुकान आणि मागं आम्ही. हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचं. मग बाटली आली आणि हात गेला. न पिता वस्तरा धरला तर हात लटलट कापायचा, आणि पिऊन धरला तर हात थांबायचा पण तोंड कुठं आहे ते सापडायचं नाही (गिऱ्हाइकाचं तोंड). बँकेच्या दारावर तो पहारेकरी असायचा ना, ज्याची मिशीच पहारा द्यायची आणि तो नुसता तिच्यामागं उभा राहायचा, त्याची अर्धी मिशी यानं एका झटक्यात उडवली. मग उरलेली अर्धी ठेवून काय करणार, तीही काढली. दुसऱ्या दिवशी बँक त्याला आत घेईना. ओळखपत्र दाखवलं तर साहेब म्हणाला, हे तर त्या मिशीवाल्याचं, तू कुठं चोरलंस?

हसू नकोस, हसायचं पुढं आहे. सूनबाई मिशीसाठी गेली नाही. एका संध्याकाळी नातीला शाळेतून आणायचं याच्यावर होतं आणि हा गुत्त्यात बसून राहिला. पोरगी फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. अंधार पडला तरी शिपायाला सांगत होती, बाबांच्या दुकानात आज गर्दी असेल. हे ऐकून सूनबाईनं दप्तराबरोबर स्वतःची पिशवी भरली आणि ती पोरीला घेऊन माहेरी गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, “आई, तुमच्याशी माझं काही नाही.” तिच्या जागी मी असते तर शिपायाचं स्टूल उचलून आणलं असतं आणि त्याच्या डोक्यात घातलं असतं.

ती गेली त्याच आठवड्यात हा आपल्या पायांनी डॉक्टरीणबाईंकडं गेला. आधी काही दिवस त्यांनी ठेवूनच घेतलं. एकदम सोडली की अंगावर येते म्हणे, तेव्हा नीट देखरेखीत सोडवायची. मग घरी पाठवला तो गोळीसकट. ही गोळी काय करते, तर काहीच करत नाही. सज्जन माणसासारखी पोटात गप्प बसते. पण वरून दारूचा घोट गेला की ती उठते आणि असा दंगा करते की बोलायची सोय नाही. तोंड लालभडक, छाती धडधड, डोकं ठणठण, ओकाऱ्या, आणि फार प्यायला तर जिवावर बेततं. मी म्हटलं, बाई, मग इतकी गुणी गोळी मी त्याच्या चहात विरघळवून देत जाऊ का, त्याला कशाला त्रास? त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “आजी, असलं कधी करायचं नाही. त्याला माहीत नसलं आणि तो प्यायला तर तुम्हीच त्याला माराल. गोळी त्यानं जाणूनबुजून, स्वतःच्या हातानं घ्यायची. तुम्ही फक्त समोर बसायचं.”

समोर बसायचं! धाकटे, मला आयुष्यात कुणी इतकं सोपं आणि इतकं मानाचं काम दिलं नव्हतं. रोज सकाळी मी चष्मा लावून, बॅटरी घेऊन खुर्चीसमोर बसते. तो गोळी दाखवतो, मी मान हलवते, तो गिळतो, मग आ करतो. मी जिभेच्या वर बघते, जिभेच्या खाली बघते, दोन्ही गालांत बॅटरी मारते. त्या नादात त्याची किडलेली दाढ सापडली, ती काढून आणली. एकदा तर दुकानात लवकर आलेलं गिऱ्हाईकही आ करून बसलं, त्याला वाटलं दाढी करण्याआधी इथं असंच असतं. म्हटलं, आता उघडलंच आहे तर बघून घेऊ.

पण ही गोळी फार सोवळी आहे गं. बाटलीतलीच दारू नाही, कशातलीही चालत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला खोकला झाला, मी प्रेमानं खोकल्याचं औषध पाजलं, आणि पोरगा माझ्या डोळ्यांदेखत बिटासारखा लाल झाला. बाईंनी त्या दिवशी मला असं झापलं की पोरगा खोकायचं विसरला. तेव्हापासून घरात जे जे उडून जाईल असं होतं ते सगळं मी हाकललं. अत्तर गेलं, लाकडाला लावायचं पॉलिश गेलं, हाताला चोळायचं ते जंतू मारायचं थंड पाणी गेलं. दुकानातली दाढीनंतर लावायची लोशनं त्यानं स्वतःच गटारात ओतली (तीन दिवस त्या गटारावर पोरी रेंगाळत होत्या). आता नुसती तुरटी. काही गिऱ्हाइकं तुटली, ती दाढीला येतच नव्हती, वासाला येत होती. असू देत.

फक्त लोशनाची एक बाटली मी मागं ठेवली. निळ्या काचेची, सोनेरी बुचाची, कधीही न फोडलेली. अगं, इतकी चांगली वस्तू कुणी ओतून देतं का? आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलं, चांगलं ते पाहुण्यांसाठी. माझ्या कपाटात पाहुण्यांसाठी कप आहेत, पाहुण्यांसाठी साबण आहे, पाहुण्यांसाठी एक उशी आहे जिच्यावर अजून कुणाचं डोकं टेकलेलं नाही. त्यांच्या मागं ती बाटली मी कुलपात ठेवली, किल्ली माझ्या कमरेला. पोराला तिचा पत्ता नव्हता, म्हणजे मोह नाही. सगळीकडून विचार केला होता मी.

आता पाहुणे आले तिथं परत चल. आमचे व्याही बसमध्ये तिकीट तपासायचे, हे तुला लग्नातच कळलं असेल, कारण त्यांनी तुझ्याकडं तसंच पाहिलं होतं. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. नमस्कारसुद्धा असा करतात की आपला हात खिशाकडं जातो. आल्या आल्या त्यांनी तपासणी सुरू केली. आरशामागं हात घातला, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून वाकून पाहिलं, टाल्कम पावडरचे डबे हलवून पाहिले, एक हुंगायला गेले आणि पांढऱ्या तोंडानं शिंकत बसले. विहीणबाईंनी पोराच्या अगदी नाकाशी नाक नेऊन “फुंक” म्हणून हुकूम सोडला. त्यानं फुंकलं. सकाळी कांदा खाल्ला होता त्यानं, त्या दोन पावलं मागं गेल्या, पण कांद्याला त्यांना काही म्हणता येईना. मग व्याह्यांनी त्याला फरशीच्या एका रेषेवरून चालायला लावलं, जा आणि ये. बत्तीस गिऱ्हाइकांचं नाक धरणारा माझा पोरगा, आपल्या पोरीसमोर, आपल्याच दुकानात, एका रेषेवरून चालला. आणि तोंडातून ब्र नाही. सूनबाई बाकावर गिऱ्हाइकासारखी बसली होती आणि मासिक चाळत होती, पण पान एकच.

व्याही म्हणाले, “असं चालून दाखवणारे मी शंभर बघितलेत. तिकीट नसलेलाच सगळ्यात ताठ बसतो. हा सुधारला याची खात्री काय?”

पोरगा म्हणाला, “बसा खुर्चीत.”

“कशाला?”

“दाढी करतो.”

धाकटे, व्याह्यांचा हात आपसूक गळ्याकडं गेला. पण तपासनीस माणूस, मागं कसा हटेल? बसले. नातीनं उड्या मारत खुर्चीखालचा दांडा पायानं दाबून आजोबांना वर चढवलं, नको इतकं वर, मग खाली घेतलं, मग पुन्हा वर, तिला एवढ्या दिवसांत ते मिळालंच नव्हतं. पोरानं साबण फेसला, गळ्याशी टॉवेल बांधला, वस्तरा उघडला. सूनबाईचं मासिक खाली आलं. आणि त्यानं सासऱ्याच्या गळ्याच्या घाटीवरून वस्तरा असा नेला, जसा ताटावरून पदर फिरावा. एकदाच. हात हलला नाही. व्याह्यांनी डोळे मिटले होते, विहीणबाईंनी दोघांच्या वाटचा श्वास धरला होता, आणि मला तर वाटलं की आता काही मागायचं उरलंच नाही देवाकडं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण आनंद झाला की माझे हातपाय गप्प बसत नाहीत. मी म्हटलं, व्याह्यांची दाढी, आणि शेवटी कोरडी तुरटी? आत गेले, कपाट उघडलं, पाहुण्यांचे टॉवेल काढले, कढत पाण्यात बुडवले आणि ती निळी बाटली त्यात पालथी केली, सगळी. म्हटलं, लागणार व्याह्यांच्या गालाला, बंदी आहे पोराला, यात कुणाचं काय बिघडलं? टॉवेल पिळून चेहऱ्यावर घालणारा पोरगाच, त्याचे हात त्यात बुडणार, वाफ त्याच्याच नाकात जाणार, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. त्याला सर्दी होती, वास कळला नाही. टॉवेल पिळला, सासऱ्याच्या तोंडावर पसरला, वरून हातानं दाबला, आणि सवयीनं स्वतःचा घामही त्याच हातांनी पुसला.

थोड्या वेळानं टॉवेल उचलला. खाली व्याही नव्हते, टोमॅटो होता. कान जांभळे, कपाळावर घामाच्या धारा, हात छातीवर. विहीणबाई किंचाळल्या, “मारलं! जावयानं मारलं!” आणि वळून बघतात तर जावईही तसाच लाल. सूनबाई ताडकन उठली, तिला वाटलं हा प्यायला, आणि तिच्या डोळ्यांत ते शिपायाचं स्टूल मला पुन्हा दिसलं. पण माझं लक्ष पोराकडं नव्हतंच. तो का लाल झाला ते मला माहीत होतं. माझं लक्ष व्याह्यांकडं. हा रंग मी खोकल्याच्या औषधाच्या वेळी जवळून बघितला होता, तो गोळी न घेणाऱ्याला नुसत्या लोशनानं चढत नाही. आणि मी, डोळ्यांची शपथ, त्यात काही मनात न ठेवता, जशी गुडघ्याची चौकशी करावी तशी विचारून बसले, “अगंबाई, व्याही, तुम्हीपण तीच गोळी घेता?”

व्याह्यांचा छातीवरचा हात वरच्या खिशावर सरकला. विहीणबाई म्हणाल्या, “कसली गोळी? हे प्रेशरची घेतात.” आणि त्यांच्या वरच्या खिशातून पाकीट ओढलं. पाकिटात तीच पांढरी गोळी. बॅटरी न लावता ओळखली मी. रोज बघते.

तेवढ्यात नात पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली (दवाखाना दोन दुकानं सोडून आहे, आणि या घरात सगळ्यात शहाणी तीच). बाईंनी दोघांच्या नाड्या धरल्या, तोंडं आणि हात साबणानं धुवायला लावले, दोघांना पंख्याखाली बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. मला जे बोलल्या ते लिहीत नाही, कागद जळेल. तर दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांत, डोक्यावर ओली फडकी, लाल गाल, भाजीवाल्यानं मांडून ठेवल्यासारखे. एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि म्हणालं, “हे काय लावलंय यांना? गाल बघा कसे उजळलेत. मलापण हेच करा.” विहीणबाईंनी त्याच्याकडं जे पाहिलं त्यानं त्याची दाढी आपोआप झाली असेल.

मग व्याह्यांनी सांगितलं. तिकीट नसलेल्या माणसासारखंच सांगितलं, खाली बघून. निवृत्त झाल्यापासून घरात करमेना, मग मागच्या बागेत बाटली. “तरीच!” विहीणबाई म्हणाल्या. “तरीच कुंड्यांना तीन-तीनदा पाणी! झाडं कुजली, तरी हे पाणी घालताहेत!” आता सोडायचं ठरवलं आणि आमच्याच डॉक्टरीणबाईंकडं चोरून येऊ लागले, कारण आपल्या गावात कुणी बघेल. घरी सांगायचे, पेन्शनच्या कामाला चाललो. इथं जावयाचं दुकान दोन दुकानं सोडून आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही का? आलं. म्हणून दवाखान्यात तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसायचे.

आणि धाकटे, आता नीट ऐक, म्हणजे वाच. पोरगा ओल्या फडक्याखालून म्हणाला, “मला माहीत होतं.”

व्याही दचकले. “कसं?”

“बूट. एवढे चकचकीत बूट तुमच्याखेरीज कुणाचे? मी समोरच्याच बाकावर असायचो.”

“मग मघाशी, मी तुला रेषेवरून चालवत होतो, तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही पेपर खाली केला नव्हतात. मग मी कसा करू?”

सूनबाई पुढं झाली, नवऱ्याच्या डोक्यावरचं फडकं सुकलं होतं ते घेतलं, नळाखाली धरून पिळलं आणि परत ठेवलं, जरा जोरातच, थापटल्यासारखं. म्हणाली, “तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.” तो म्हणाला, “नाही.” ती म्हणाली, “पोरीला शाळेतून आणायचं काम तुमचंच राहील.” तो म्हणाला, “हो.” एवढंच. मग तिनं बापाचं फडकंही भिजवलं. मी आत जाऊन जरा रडले, आणि बाहेर येऊन सगळ्यांना पाहुण्यांच्या कपांतून चहा दिला. दोन कप फुटके निघाले, ठेवून ठेवून.

निघताना विहीणबाई व्याह्यांना म्हणाल्या, “तुमची गोळी आता मी बघून देणार.” मग विचार केला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “नको, मला राग येतो. यांनाच ठेवा तुमच्याकडं महिनाभर. तुम्हाला आ बघायची सवय आहे.” तेव्हा सामान घेऊन सगळीच येताहेत. घरी परत जाऊन बांधाबांध करून. सूनबाई आणि नात कायमची, व्याही महिन्याचे, आणि निळी पिशवी येईल तेवढी. मला एवढा आनंद झाला आहे की गुडघेसुद्धा आज वेगवेगळे दुखत आहेत.

सगळ्यांना आशीर्वाद, उत्तर लगेच पाठव.
तुझी थोरली

ता. क. व्याह्यांना मी शब्द दिला आहे की ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाही सांगणार नाही. तू काही कुणी नव्हेस, म्हणून लिहिलं. पण नेहमीसारखं ओट्यावर बसून बायकांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच तर मिशीपर्यंत दाखव आणि पुढचं आपलं सांग.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलंच. आमच्याकडं निजायला जागा आहे, पण खाट नाही. तुझ्या वरच्या खोलीतली घडीची खाट महिनाभर दे.

ता. क. तिसरा. खाट भाऊजींच्याच हाती पाठव, एकट्याच्या, दुसऱ्या कुणाच्या नको. तू मागच्या पत्रात लिहिलंस की त्यांना हल्ली दम लागतो म्हणून रोज संध्याकाळी फिरायला जातात, आणि येताना दम जास्तच असतो. धाकटे, दम कमी करायला कुणी इतकं फिरतं का गं? त्यांना काही सांगू नकोस, रागावू नकोस, फक्त खाट दे आणि पाठव. इथं त्यांची दाढी करू, चहा पाजू, आणि आमची ही दोघं त्यांच्याजवळ बसतील. डॉक्टरीणबाईंकडं जायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. डॉक्टरीणबाई म्हणतात, स्वतः आलं तरच उपयोग आहे, पण खाट घेऊन आलं तर चालणार नाही असं काही त्या म्हणालेल्या नाहीत.

मंडळी बुधवारी येतो म्हणून गेली आहेत.